बी.एड. आणि समाजकार्य महाविद्यालयांतली विद्यार्थी मंडळे: शोभेची पुरे, सरावाची हवीत

बी.एड. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत एक पान ठरलेले असते. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, गणित मंडळ, सामाजिक शास्त्र मंडळ, निसर्ग मंडळ, सांस्कृतिक विभाग आणि प्रत्येकापुढे एका प्राध्यापकाचे नाव. विद्यार्थ्याचे नाव त्या पानावर सहसा सापडत नाही. एका तुकडीत ५० विद्यार्थी, दोन तुकड्या असल्या तर १००, आणि मंडळे मात्र दहा-बारा. समाजकार्य महाविद्यालयात यादीतली नावे बदलतात, बाकी रीत तीच. सत्राच्या सुरुवातीला उद्घाटन होते: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे तासाभराचे व्याख्यान, आभार. मग कुठल्यातरी दिनाचे औचित्य साधून एक भित्तिपत्रक, एक निबंध स्पर्धा. मार्चमध्ये अहवाल.

वाणिज्य किंवा विज्ञान महाविद्यालयात असे चालले तर फारसे बिघडत नाही. तिथे मंडळ म्हणजे अभ्यासाबाहेरची हौस, ती भागली नाही तरी हिशेब तपासनीस हिशेबच तपासणार आहे. शिक्षक आणि समाजकार्यकर्ते घडवणाऱ्या महाविद्यालयांत मात्र विद्यार्थी मंडळ हाच धंद्याचा सराव असतो. त्याची शोभेची वस्तू केली की अभ्यासक्रमाचा एक आख्खा भाग गळतो आणि गुणपत्रिकेत त्याचा पत्ताही लागत नाही.

हे विद्यार्थी पुढे काय करणार ते पाहा. शाळेत लागलेल्या शिक्षकाच्या गळ्यात पहिल्याच वर्षी शालेय मंत्रिमंडळ, बालसभा, हरित सेना, स्काउट-गाईड यांतले काहीतरी पडते. कधी पालक-शिक्षक संघाचे काम येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. त्या समितीची सभा प्रत्यक्षात चालवायची, इतिवृत्त लिहायचे, न बोलणाऱ्या आईला बोलते करायचे, हे काम शाळेतल्याच माणसांना करावे लागते. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली मुलगी बचत गट, वस्ती समिती, किशोरींचे गट, व्यसनमुक्तीतले स्वमदत गट यांच्यात आयुष्य काढते. दोन वर्षांत जिने स्वतः एकही सभा चालवलेली नाही, हिशेब मांडलेला नाही, दोन मैत्रिणींच्या भांडणामुळे अडलेला निर्णय पुढे नेलेला नाही, तिने गटकार्याच्या (गटांसोबत काम करण्याच्या पद्धतीच्या) पेपरात ७० गुण मिळवले तरी वस्तीत पहिल्या सभेलाच तिची दमछाक होते.

यातली विसंगती खास आहे. कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी १९३८-३९ च्या सुमारास आयोवा विद्यापीठात दहा-दहा वर्षांच्या मुलांचे शाळेनंतरचे क्लब बसवून नेतृत्वाचे प्रयोग केले. मुले मुखवटे आणि असल्याच वस्तू बनवत. एका क्लबात मोठा माणूस प्रत्येक पायरी सांगे, दुसऱ्यात मुले चर्चेने ठरवत, तिसऱ्यात तो नुसता उभा असे. हुकूमशाही क्लबातला मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम थंडावे. चर्चेने चालणाऱ्या क्लबात तो गेल्याने फारसा फरक पडत नसे. बी.एड.च्या मानसशास्त्रात हा प्रयोग असतो, परीक्षेत टीप लिहा म्हणून येतो. आणि ती टीप पाठ करणारे छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, ज्या निसर्ग मंडळाचे सदस्य असतात, ते मंडळ प्रमुख सर रजेवर गेले की रजेवर जाते.

हे असे का झाले? आळस हे एकच कारण नाही. नॅक ही महाविद्यालयांचा दर्जा ठरवणारी राष्ट्रीय परिषद. तिच्या मूल्यांकनात पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांच्या प्रगतीचा. त्यात विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवायचा, कार्यक्रम मोजायचे, पुरावे जोडायचे. पुरावा म्हणजे परिपत्रक, उपस्थितीपत्रक, अहवाल आणि जिओटॅग (ठिकाणाची नोंद) असलेले फोटो. उद्देश वाईट नव्हता. पण जे मोजले जाते तेच केले जाते. कार्यक्रमाचा फोटो निघतो. पंधरा जणांनी पाऊण तास डोके लावून लॅमिनेशन यंत्र घ्यायचे की नाही यावर वाद घातला, त्याचा फोटो कोण काढणार? म्हणून सभा संपल्या आणि कार्यक्रम उरले. कार्यक्रम वेळेत, देखणा आणि पाहुण्यांसमोर फजिती न होता व्हायचा असेल तर तो प्राध्यापकाने हातात घेणे सोयीचेच. विद्यार्थ्यांच्या वाट्याला रांगोळी, सूत्रसंचालन आणि खुर्च्या.

दुसरे कारण वेळापत्रकात दडलेले आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमावलीनंतर २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. वर्षाला किमान २०० दिवस, आठवड्याला किमान ३६ तास, तासिकांना ८० टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या सरावाला, ९० टक्के हजेरी. शाळेतली आंतरवासिता एकूण २० आठवडे. चार पहिल्या वर्षी, सोळा दुसऱ्या वर्षी, विद्यापीठानुसार थोडे मागेपुढे. त्यात सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्या अनेकदा इतक्या लांबतात की वर्ग पूर्ण भरेपर्यंत दिवाळी तोंडावर येते. म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एकमेकांची नावे शिकतो आणि सूक्ष्मपाठ, सेतुपाठ, सरावपाठ अशा सरावाच्या पाठांच्या टाचणांत बुडतो. दुसऱ्या वर्षी तो शाळेत असतो, परत येतो तो परीक्षा आणि शिक्षकाच्या नोकरीसाठीच्या टीईटी व अभियोग्यता चाचणी डोक्यात घेऊन. ऑगस्टमध्ये कार्यकारिणी निवडायची ही पद्धत तीन वर्षांच्या पदवी महाविद्यालयाची. ती बी.एड.ला लावली की निवडून आलेली कार्यकारिणी महिन्या-दोन महिन्यांत शाळांमध्ये पांगते. मंडळ मेले असे कोणी म्हणत नाही. पुढच्या ऑगस्टपर्यंत ते नुसते नसते.

उपाय साधा आहे. कार्यकारिणी ऑगस्टऐवजी फेब्रुवारीत बदलावी. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी तोवर रुळलेले असतात, दुसऱ्या वर्षाचे शाळेतून परतलेले असतात, परीक्षेला अजून अवकाश असतो. साधारण सहा आठवडे प्रत्येक जबाबदारीवर दोघे असावेत, जाणारा आणि येणारा. या काळात जाणाऱ्याने करायचे आणि येणाऱ्याने बघायचे असे तीन आठवडे, मग उलट तीन आठवडे. मग दुसऱ्या वर्षी आंतरवासितेच्या सोळा आठवड्यांत मंडळाची सभा पंधरवड्यातून एकदा, ज्या दिवशी सगळ्यांना महाविद्यालयात यावेच लागते त्या दिवशी. बहुतेक ठिकाणी आंतरवासितेत असा एक दिवस ठरलेला असतो. तो टाचणे तपासण्यात आणि सूचनांत जातो. त्यातली पाऊण तासाची तासिका मंडळाला द्यावी.

सोपवायच्या वस्तूही ठरलेल्या असाव्यात: इतिवृत्ताची वही, जमाखर्चाची वही, मंडळाच्या मालकीच्या वस्तूंची यादी, शाळा व संस्थांतल्या संपर्काच्या माणसांची यादी, आणि या वर्षी काय फसले आणि का, याचे एक पान. या शेवटच्या पानाला महाविद्यालयाच्या अहवालात जागा नसते, म्हणून ते वेगळेच ठेवावे. व्हॉट्सॲपचा गट सोपवला म्हणजे मंडळ सोपवले असे होत नाही. गटातले जुने लोक बाहेर पडतात आणि त्यांच्या फोनबरोबर चार वर्षांची माहितीही जाते.

वेळेबद्दल आणखी एक. कॉलेज सुटल्यावर सभा ठेवली की निम्मे मंडळ आपोआप बाद होते. बी.एड.च्या वर्गात मुली जास्त असतात, त्यांत लग्न झालेल्या, लहान मुले असलेल्या बऱ्याच. तालुक्याच्या ठिकाणी साडेपाचची एसटी चुकली तर पुढची कधी आहे हे सभेच्या अध्यक्षाला माहीत नसते, तिला असते. राहतात ती वसतिगृहातली आणि गाडीवाली मुले, आणि मंडळ त्यांचेच होते. ३६ तासांतला एक तास, तोही आठवड्याच्या मध्यावर, दुपारच्या सुट्टीला लागून. शनिवारची शेवटची तासिका देणे म्हणजे न देणेच. समाजकार्याला आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्यात जातात, म्हणून तिथे वर्गाच्या दिवसांतलीच वेळ धरावी लागते.

आता मंडळ कसे बांधायचे, यासाठी परदेशी नमुने धुंडाळायची गरज नाही. महाराष्ट्रात याचा उत्तम नमुना गावोगाव उभा आहे: महिला बचत गट. दहा ते वीस सदस्य. नियमित सभा, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड, अद्ययावत हिशेब ही पंचसूत्री. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ चे, उमेद अभियान २०११ चे. या काळात कमी शिकलेल्या बायकांनी ज्या शिस्तीने वह्या लिहिल्या, ती शिस्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मंडळात दिसत नाही. एम.एस.डब्ल्यू.चे विद्यार्थी क्षेत्रकार्यात गटांच्या वह्या तपासतात आणि स्वतःच्या मंडळाची वही नसते, हे जरा लाजिरवाणेच.

सदस्यसंख्या बारा ते वीस ठेवावी. आठाच्या खाली गेले तर तिघे पाठाला गेले की सभा होत नाही. विसाच्या वर गेले की पाच बोलतात आणि पंधरा मोबाइल बघतात. पंधरा सदस्यांना नऊची गणपूर्ती पुरे. म्हणजे १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात चार, फार तर पाच मंडळे. बारापैकी सात बंद करायला प्राचार्यांना थोडे धैर्य लागेल. सदस्यत्व ऐच्छिक असू द्यावे. सक्तीने भरलेल्या मंडळात हजेरी मिळते, माणसे मिळत नाहीत.

सभेला ४५ मिनिटे. पहिली पाच मागच्या इतिवृत्ताची: ठरले काय होते, झाले काय. पुढची दहा जमाखर्चाची. पंचवीस मिनिटे एकाच विषयाला, दोन विषय घेतले की दोन्ही अर्धवट राहतात. शेवटची पाच: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. सभा चालवणारा दर महिन्याला बदलावा, इतिवृत्त लिहिणारा प्रत्येक सभेला बदलावा, म्हणजे वर्षात प्रत्येकाच्या हातून एकदा तरी लिहिले जाते. खजिनदार मात्र वर्षभर एकच. हिशेबाचा हात वारंवार बदलला की वही जुळत नाही आणि चूक कोणाची हेही कळत नाही.

इतिवृत्तात 'सर्वानुमते ठरले' हे दोन शब्द लिहायला बंदी घालावी. नवशिक्यांना वाटते तेच लिहिण्याची पद्धत आहे. त्याऐवजी विषय, त्यावर आलेली वेगवेगळी मते, निर्णय, विरोध कोणाचा आणि का, जबाबदारी, तारीख. विरोध नोंदवलेला असला की पुढच्या महिन्यात तो विद्यार्थी 'मी तेव्हाच सांगत होतो' म्हणत कोपऱ्यात कुरकुरत नाही. त्याचे म्हणणे वहीत असते आणि गरज पडली तर पुन्हा चर्चेला घेता येते. हेच कौशल्य शाळा व्यवस्थापन समितीत लागते, जिथे सरपंचाच्या भावाच्या मताविरुद्धचे मत लिहून ठेवायचे असते.

पैशाचा प्रश्न आला की महाविद्यालये बिचकतात, आणि त्यामुळेच पैसा विद्यार्थ्यांच्या हातात कधी येत नाही. रक्कम फार नसते. वीस सदस्य, महिना २० रुपये, आठ महिने: ३,२०० रुपये. महाविद्यालयाने तेवढीच भर घातली तर ६,४००. एवढ्यात वर्षभराचे बरेच काम होते, शाल-श्रीफळ आणि फ्लेक्स त्यातून वगळले तर. नियम चार ओळींचे: हातात ५०० पेक्षा जास्त रोख नको, ५०० च्या वरचा खर्च सभेत मंजूर व्हावा, प्रत्येक व्हाउचरवर दोघांच्या सह्या, पावती वहीत चिकटवलेली. हल्ली गोंधळ होतो तो यूपीआयमुळे. वर्गणी खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात येते, त्यातूनच तो रिचार्ज करतो, महिनाअखेरीला मंडळाचे किती आणि स्वतःचे किती हे त्यालाच सांगता येत नाही. चोरी कोणी केलेली नसते, पण संशय येतो, आणि संशयाने मंडळे फुटतात. म्हणून आलेली रक्कम त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या कार्यालयात मंडळाच्या खातेशीर्षाखाली भरून पावती घ्यावी आणि खर्चासाठी तिथून आगाऊ रक्कम उचलावी. कार्यालयाने मात्र त्या एक-दोन हजारांसाठी तीन टेबलांवर फिरवू नये, नाहीतर विद्यार्थी खिशातून खर्च करतात आणि मग पावत्या ठेवत नाहीत.

मंडळाने करायचे काय? व्याख्यानमाला तर नकोच. बी.एड.साठी एक काम इतके उघड आहे की ते ठिकठिकाणी का होत नाही याचे नवल वाटते. प्रत्येक छात्राध्यापक सरावपाठांसाठी तक्ते, चित्रकार्डे, प्रतिकृती, अपूर्णांकांच्या पट्ट्या करतो. कार्डशीट, रंग, छपाई यांवर स्वतःचे पैसे घालतो. वार्षिक पाठ झाला की ते सगळे वर्गाच्या मागच्या कपाटावर धूळ खाते, किंवा शिपाई रद्दीत देतो. पुढच्या वर्षी पचनसंस्थेचा तोच तक्ता पुन्हा नव्याने रंगवला जातो. एखाद्या मंडळाने शैक्षणिक साहित्याची पेढी चालवायला घ्यावी.

ती अशी उभी राहते. वार्षिक पाठ संपल्याच्या आठवड्यातच साहित्य गोळा करायचे. नंतर मागितले तर मिळत नाही. मग निवड. यात सगळ्यात जास्त वाद होतात आणि खरे शिक्षणही इथेच होते: शेवटच्या बाकावरून अक्षर दिसते का, आशय बिनचूक आहे का, एका साहित्याने एकाहून जास्त घटक शिकवता येतात का. जमलेल्यातले निम्मे तरी नाकारावे लागते, आणि मैत्रिणीचा तक्ता नाकारताना कारण सांगावे लागते. पाठनिरीक्षणाच्या वहीत 'साहित्याचा वापर परिणामकारक' असे लिहिणारे विद्यार्थी इथे पहिल्यांदा परिणामकारक म्हणजे काय ते ठरवतात. उरलेल्याला क्रमांक: इयत्ता, विषय, घटक, अनुक्रमांक. तक्ते गुंडाळून ठेवू नयेत, घडीपेक्षा बरे असले तरी पावसाळ्यात कडा कुरतडल्या जातात आणि उघडताना चिरतात. लाकडी पट्टीला क्लिपांनी लावून उभे टांगावेत. चित्रकार्डे कापडी पिशवीत, पिशवीवर आत किती कार्डे आहेत तो आकडा, कारण तीस कार्डांतले एक हरवले की संच वाया. नोंदवहीत पाच रकाने: क्रमांक, नेणाऱ्याचे नाव, शाळा, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि अवस्था. तीन दिवसांची मुदत.

फसते कुठे, तर वार्षिक पाठांच्या आधीच्या पंधरवड्यात. तेव्हा सगळ्यांना सगळे हवे असते आणि जो आधी नेतो तो परत आणत नाही. या काळात मुदत एका दिवसाची करावी आणि साहित्य फक्त पाठाच्या दिवशी द्यावे. दुसरा धोका, बालभारतीची पुस्तके बदलली की काही साहित्य कालबाह्य होते. दरवर्षी जूनमध्ये नव्या पुस्तकाशी पडताळून काढून टाकायची यादी केली पाहिजे. तिसरा धोका जरा चमत्कारिक आहे. पेढी चांगली चालली की विद्यार्थी स्वतः साहित्य करणेच सोडतात. म्हणून नेलेल्या साहित्यात काहीतरी सुधारणा करूनच ते परत करायचे, असा नियम असावा. प्राध्यापकांची तक्रार येईल की मग साहित्यनिर्मितीचे गुण कोणाला द्यायचे. द्यावेत सुधारणेला. शाळेत कोणता शिक्षक प्रत्येक तासाला नवा तक्ता करतो?

समाजकार्य महाविद्यालयांत प्रश्न वेगळे. या शिक्षणाची सुरुवातच वस्तीतून झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत नागपाड्याला नेबरहूड हाउस चालवले आणि त्या अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले, जे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाले. गटकार्य ही पद्धतच मुळात अशा वस्ती-केंद्रांतल्या मुलांच्या आणि कामगारांच्या क्लबांतून शास्त्र म्हणून आकाराला आली. म्हणून इथल्या विद्यार्थ्यांचा क्लब नुसता स्नेहसंमेलनापुरता असावा हे जास्तच खटकते.

इथे मंडळाला दोन कामे सहज जमतात. पहिले, क्षेत्रकार्यातल्या अडचणींवर समवयस्कांची चर्चा. पर्यवेक्षकासोबत वैयक्तिक आणि गटचर्चा असते खरी, पण तिथे गुण देणारा माणूस समोर बसलेला असतो. वस्तीत भीती वाटली, गृहभेटीत अपमान झाला, केस हातातून निसटली, हे तिथे सावरून-झाकून सांगितले जाते. मंडळात ते मोकळे होऊ शकते, मात्र कडक नियमांसह: खरी नावे नाहीत, वस्तीचे नाव नाही, नोंद फक्त प्रश्नाची, व्यक्तीची नाही, आणि चर्चेतले काहीही व्हॉट्सॲपवर नाही.

इथेच जिओटॅग फोटोंची सक्ती सरळ कायद्याच्या आड येते. बालगृहात खेळ घेतले, रंगपेटी वाटली, मुलांसोबत फोटो काढला, तो अहवालात जोडला आणि मंडळाच्या इन्स्टाग्रामवर टाकला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा, संस्थेचे नाव आणि वर अक्षांश-रेखांश, ओळख पटवायला आणखी काय हवे? असा फोटो मागणारा समन्वयक आणि देणारा विद्यार्थी, दोघांनाही हे कलम अभ्यासाला असते. मंडळाने पहिल्याच सभेत ठराव करावा की कोणत्याही संस्थेतल्या मुलांचे, रुग्णांचे, पीडित स्त्रियांचे फोटो काढले जाणार नाहीत, आणि पुरावा म्हणून संस्थेच्या अधीक्षकांचे पत्र जोडले जाईल. प्राचार्यांनी त्यामागे उभे राहावे.

दुसरे काम म्हणजे तालुक्याची सेवा-सूची. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कुठे, कोणती कागदपत्रे, कोणत्या वारी तो लिपिक जागेवर असतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींसाठीचे संरक्षण अधिकारी कुठे बसतात. व्यसनमुक्ती केंद्र, दिव्यांग प्रमाणपत्राचा दिवस. सूची करणे सोपे, ती खरी ठेवणे कठीण. अडचणीतल्या मुलांसाठीच्या १०९८ चेच उदाहरण घ्या. ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा संस्थेच्याच क्षेत्रीय प्रकल्पातून सुरू झाली, देशभर पसरली, आणि २०२३ पासून तिचा कारभार टप्प्याटप्प्याने स्वयंसेवी संस्थांकडून शासकीय यंत्रणेकडे गेला. क्रमांक तोच, पण फोन उचलणारी आणि धावून येणारी माणसे बदलली. जुन्या संस्थेचा पत्ता छापलेली सूची घेऊन कोणी रात्री अकराला तिथे पोचले तर? म्हणून दर नोंदीपुढे पडताळल्याची तारीख आणि पडताळणाऱ्याची सही असावी, आणि सहा महिन्यांहून जुनी नोंद लाल शाईत. वीस सदस्य, शंभर नोंदी, प्रत्येकी पाच. सहा महिन्यांतून एकदा पाच फोन किंवा भेटी. एवढेच काम, पण नेमके हेच कोणी करत नाही.

मग प्राध्यापकाने काय करायचे? सभेला बसायचे आणि पहिली पस्तीस मिनिटे बोलायचे नाही. अध्यापक महाविद्यालयातल्या माणसाला ही शिक्षाच. तीन गोष्टींत त्याचा शब्द अखेरचा असावा: सुरक्षितता, कायदा आणि पैशाची अनियमितता. बाकी सगळे, अगदी वाईट निर्णयसुद्धा, विद्यार्थ्यांचे. 'सर, असं चालेल ना?' या प्रश्नाला 'इतिवृत्तात काय लिहिलंय?' एवढेच उत्तर. एखादा उपक्रम फसणार हे दिसत असले तरी तो फसू द्यावा, फक्त त्यात शाळेची मुले किंवा वस्तीतली माणसे भरडली जात नाहीत ना हे पाहावे. याचे मानधन नसते, पण कार्यभारात आठवड्याचा तो एक तास धरलाच पाहिजे. नाहीतर मार्गदर्शक शिक्षक सभेच्या वेळी उत्तरपत्रिका तपासत बसतो.

यावर आक्षेप येतात. सगळ्यात जोराचा म्हणजे श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा): मंडळाला श्रेयांक द्या, मग विद्यार्थी येतील. २०२० च्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्यांनी चालवलेल्या विषयवार क्लबांना निधी द्यावा असे म्हटले आहे, आणि पुढे-मागे ते अभ्यासक्रमात आणता येतील असेही. निधीचे स्वागत, अभ्यासक्रमात आणण्याला मात्र विरोध करायला हवा. नाट्य-कला, वाचन-चिंतन, स्व-आकलन हे व्यावसायिक क्षमतांचे विषय २०१५ पासून अभ्यासक्रमात आले आणि त्यांच्या तयार फाइली झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागल्या. स्वतःचे आकलनसुद्धा छापील! गुण आले की फाइल येते, फाइल आली की मंडळ संपते. महाविद्यालयाने वेळ द्यावा, खोली द्यावी, पैसे द्यावेत, गुण देऊ नयेत.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. विद्यार्थ्यांच्या हाती सत्ता दिली की बाहेरच्या संघटना शिरतात, ही भीती महाराष्ट्रात खोटी म्हणता येत नाही. निवडणुकांतल्या हिंसाचारामुळेच १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेवर निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर नेमणूक आणली. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९९ ने निवडणुका परत आणल्या, २०१९ मध्ये त्या होणार म्हणून तयारी झाली आणि विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या. त्यात विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या २००६ च्या लिंगडोह समितीने पदव्युत्तर विद्यार्थ्याला निवडणूक लढवायला २४-२५ ही कमाल वयोमर्यादा सुचवली. बी.एड.च्या वर्गात तिशीतल्या, दोन मुलांच्या आया असतात. त्यांना परिषदेच्या दारातून आत येण्याची वाट अशी निमुळती. त्यांचे म्हणणे ऐकले जाण्याची जागा कुठली, तर हे वीस जणांचे मंडळच. आणि ज्या मंडळाला कपाटातल्या तक्त्यांची निगा राखायची आहे, त्यावर कब्जा करायला कोणताही पक्ष धडपडणार नाही, हा एक फायदाच.

तिसरा आक्षेप, विद्यार्थ्यांना हे झेपणार नाही. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या पाठबळाने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. निबंधवाचनाने सुरू झालेल्या या मंडळींनी वर्षभरातच मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्या आणि सुरुवातीला तिथे विनावेतन स्वतःच शिकवले. त्यांच्याकडे बी.एड. नव्हते, नॅक नव्हते. पॅटनसाहेबांनी मात्र त्यांना अडवले नाही.

टीईटी, अभियोग्यता चाचणी, घरची ओढ यांमुळे काही विद्यार्थी मंडळात येणारच नाहीत. येऊ नयेत. आणि मंडळाला बंद होण्याचाही अधिकार असावा: लागोपाठ चार सभांना गणपूर्ती झाली नाही तर पाचव्या सभेत उरलेल्यांनी हिशेब मिटवावा, शिल्लक कुठे द्यायची ते ठरवावे, बंद करण्याची कारणे लिहावीत आणि वही ग्रंथालयात जमा करावी. गट संपवणे हाही गटकार्यातला एक टप्पा आहे. वस्तीतला गट कधी आणि कसा सोडायचा हे शिकायची याहून सुरक्षित जागा दुसरी नाही. विद्यापीठाच्या आणि नॅकच्या समितीने अशी बंद पडलेली मंडळे उणिवांच्या रकान्यात टाकू नयेत. समिती आली की तिने फोटोंचा अल्बम मिटवून इतिवृत्ताची वही मागावी, मधलेच एखादे पान उघडावे आणि खाली जिची सही आहे त्या विद्यार्थिनीला बोलावून विचारावे की या निर्णयाला विरोध कोणाचा होता, आणि तो का मानला नाही.